दोन फुटांच्या टाकीचा पंप

निपाणीत जुन्या पी. बी. रोडला माझं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. तीस वर्षं झाली. बोअरला कुठली, विहिरीला कुठली, नदीवरून वरच्या रानात पाणी चढवायचं तर किती एचपीची, हे गिऱ्हाईक पायरी चढून बसायच्या आत मी सांगतो. बाळगोंडाण्णानं निवडून दिलेली मोटार फेल गेली असं म्हणणारा एक माणूस या पट्ट्यात मला दाखवा. आणि हाच मी, दोन फूट लांबीच्या काचेच्या टाकीला पंप निवडताना तीनदा तोंडावर आपटलो. तळहातावर मावेल एवढा पंप! सांगायला लाज वाटते. तरी सांगतो, कारण न सांगण्यानंच हा सगळा घोळ झाला.

टाकी माझी नव्हे, माझ्या मुलीची, क्षमाची. आत खारं पाणी, दोन नारंगी मासे, काही दगड आणि मधोमध एक मऊ प्रवाळ. बंगळूरच्या मित्रानं आपल्या टाकीतला नखाएवढा तुकडा तिला दिला होता. तीन वर्षांत तिनं तो चहाच्या बशीएवढा वाढवला. बरं असलं की ते छत्रीसारखं उघडतं आणि त्याच्यावर शेकडो बारीक बोटं डुलतात. टाकीच्या मागच्या बाजूला काळ्या काचेआड एक अरुंद कप्पा आहे. पुढचं पाणी वरच्या फटींतून त्या कप्प्यात पडतं, तळाचा पंप ते परत पुढं ढकलतो. बस्स, एवढंच. पाणी तेच, नुसतं फिरत राहायचं.

ऑगस्टमध्ये क्षमा कारवारला शिकायला गेली. समुद्रातल्या जीवांचं शिक्षण. माझ्या मनात तिनं बी. कॉम. करावं, दुकानात बसावं. महिनाभर आमची धुसफूस चालली आणि शेवटी बस स्टँडवर, बॅग वर चढवताना, मी बोलून गेलो, "हौस तुझी हाय. तिकडनं रडत फोन करायचा न्हाय."

बॅग नीट सरकवून ती म्हणाली, "आप्पा, टाकीचं काय?"

"टाकी मी बघतो. तीस वर्षं पाणीच उचलालोय की."

तिनं मला एक वही दिली होती. त्यात सगळं लिहिलेलं. एका पानावर लाल शाईत होतं, प्रवाळ कधीमधी मिटतं, अंगावर मेणासारखा पापुद्रा धरतं, घाबरायचं नाही. वाहत्या पाण्यानं पापुद्रा निघून जातो. पण पाणी फिरायचं थांबलं, तर पापुद्र्याखाली ते कुजतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला तिचा फोन. तिची आज्जी म्हणजे माझी आई, पद्मावती, जैन रिवाजानं दिवस मावळायच्या आत जेवते, म्हणून सहाची वेळ. आईशी, बायकोशी ती भरपूर बोलायची. माझ्याशी ठरलेलं.

"टाकी कशी हाय, आप्पा?"

"झकास. तुझं कसं चाललंय?"

"झकास."

झालं, संपला फोन. दोघांनाही त्यापुढं बोलायचं नव्हतं, किंवा येत नव्हतं.

अडीच महिने टाकी खरंच झकास चालली. मी मासे खायला घालायचो, उडालेल्या पाण्याच्या जागी शुद्ध पाणी ओतायचो आणि मनातल्या मनात म्हणायचो, ह्यात शिकायला कारवारला जायचं काय कारण होतं. मग दिवाळीनंतर आईच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाकायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही. आईला खिडकीजवळ काळा चष्मा लावून बसवलं. आणि त्याच आठवड्यात टाकीतलं पाणी मंदावलं. मला वाटलं, घरात काहीतरी दुखणं आलं की एकटं येत नाही. याहून पुढं माझं डोकं चाललं नाही.

प्रवाळ मिटलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पापुद्रा दिसला. चौथ्या दिवशीही तसाच.

मी पंप काढला, व्हिनेगरात धुतला, पंखा फिरवून बघितला. काही खोट नाही. मग टाकीत बसवून, जिथून पाणी पुढं येतं तिथं लिटरचं माप धरलं आणि घड्याळ लावलं. चौदा सेकंद. म्हणजे तासाला अडीचशे लिटर. पंपावर लिहिलेलं आठशे! टाकी पंच्याहत्तर लिटरची, आणि वहीत लिहिलेलं, तासाला दहा वेळा पाणी फिरलं पाहिजे. मी निदान करून टाकलं. पंप म्हातारा झाला, बदला.

बेळगावला काम होतंच. शहापूरच्या गल्लीत मत्स्यालयाचं एक दुकान सापडलं. तिथला सौरव नावाचा पोरगेला मालक गोल्डफिशच्या पिशव्या भरत म्हणाला, "काका, दीड हजार लिटरचा न्या. पॉवर जास्त असलेली केव्हाबी चांगली." मी माझ्या दुकानात गिऱ्हाइकाला नेमकं हेच बोलू देत नाही. पण घाई झाली होती, घेतला.

घरी आणून लावला. दोन मिनिटं असं पाणी उसळलं की मासे दगडामागं गेले. मी खूश. मग मागच्या कप्प्यातनं गुरगुर सुरू झाली. टाकीभर पांढरा फेस. कप्प्यातलं पाणी संपलं होतं आणि पंप हवा ओढत होता. पुढं मात्र पाणी टाकीच्या काठाला आलेलं. मी पुढचंच तांब्याभर पाणी मागं ओतलं, थोडा वेळ शांत, परत गुरगुर. म्हटलं, पंप मोठा झाला, कप्पा लहान आहे. मधला पाहिजे.

हजार लिटरचा कुरिअरनं मागवला. त्याचं तेच, फक्त गुरगुर जरा उशिरा सुरू व्हायची. मी सकाळी पाणी ओतायचो, दुपारी जेवायला आलो की ओतायचो. बायको, नीलम, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "दुकानात साऱ्या गावाला शिकवता. घरात दोन फुटाची टाकी ऐकंना व्हय तुमचं?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला न्हायच कळत. पण क्षमाला कळतंय की. इचारा तिला."

हेच तर मला करायचं नव्हतं. विचारायचं म्हणजे कबूल करायचं. समुद्राचं शिक्षण घ्यायला गेलेल्या पोरीला बापानं पहिल्या तीन महिन्यांत सांगायचं, की तुझी टाकी मला जमेना? मी जेवणाच्या ताटावरून उठलो.

खिडकीजवळनं आई म्हणाली, "बाळू, मला जरा टाकीजवळ नेऊन बसव रं."

"कशाला?"

"बसते जरा. लई दिवस झालं."

"डॉक्टरनं काय सांगितलंय? गप बस तिथंच."

रोज तिचं हेच. रोज माझं हेच. आधीच माझं पित्त खवळलेलं, त्यात म्हातारीला मासे बघायची हौस. खरं तर ही टाकी घरात आली तेव्हा आईच क्षमाशी दोन दिवस बोलली नव्हती. मुक्या जिवांना काचेत कोंडायचं हे पाप म्हणून. मग क्षमानं तिला भिंगातून काचेवर चालणारे खसखशीहून बारीक पांढरे जीव दाखवले, आणि त्या दिवसापासून आई दुपारची झोप सोडून टाकीपुढं बसायला लागली. जूनमध्ये तर एकदा मी अचानक घरी आलो, तर बाईसाहेबांचा हात कोपरापर्यंत मागच्या कप्प्यात. मी केवढ्यानं तरी ओरडलो होतो, "करंट बसला म्हंजे? परत हात घातलास तर ही टाकी उचलून वेदगंगेत ओतीन!" आईनं पदराला हात पुसला आणि निघून गेली. हात आत कशाला होता, हे विचारायचं मला तेव्हाही सुचलं नाही.

तिसरा पंप आणायला कोल्हापूरला गेलो. फोनवर एकानं सल्ला दिला होता, कप्प्यातल्या पंपाचा नाद सोडा, पुढच्या काचेला आतून चिकटणारा लाटांचा पंप लावा. येताना कोगनोळी नाक्यावर रस्त्याच्या कामामुळं दीड तास रांगेत अडकलो. मांडीवर खोकं घेऊन ट्रकांचे धूर खात बसलो आणि स्वतःलाच शिव्या देत राहिलो. घरी येऊन हातपाय न धुता तो पंप लावला. चालू केल्या केल्या तळाची सगळी वाळू उठली. पाणी दुधासारखं झालं. एक मासा कोपऱ्यात काचेला दाबला गेला, प्रवाळ आडवं झालं. मी धावत जाऊन बटण बंद केलं. वाळू खाली बसायला तास गेला. बसली ती प्रवाळावर. खोक्यावर बघतो तर चार फुटी टाकीसाठी असं स्पष्ट छापलेलं. मी वाचलंच नव्हतं. परत तो हजारचाच लावला आणि तांब्यानं पाणी ओतत बसलो.

दहावा दिवस होता. प्रवाळाची एक कड तपकिरी पडली होती. बोट लावलं तर लगदा निघाला. मला खरंच रडू यायचं बाकी होतं. पोरगी जाताना घरातली एकच गोष्ट माझ्यावर सोपवून गेली होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत कुजत होती. त्या दिवशी सहाला फोन आला.

"टाकी कशी हाय, आप्पा?"

"झकास."

"बरं. मग ठेवू?"

"ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात भरमू आला. यमगर्णीकडं त्याचं रान आहे. बसायच्या आतच म्हणाला, "आण्णा, साडेसात एचपीची मोटार द्या. हाय ती पाणी ओढंना."

"आधी ओढत होती का न्हाय?"

"दिवसभर ओढायची की. आता धा मिनटं पाणी येतंय, मग गुरगुरतीया नि नुसता फेस."

मी तापलोच. घरचा सगळा राग त्याच्यावर निघाला. "भरमू, किती वेळा सांगायचं रं तुम्हाला? मोटार मोठी केली म्हणून पाणी वाढतंय व्हय? मोटारीला काय बी झालेलं न्हाय. बोअरमधी पाणी यायचंच कमी झालंय. मोठी टाकलीस तर धा मिनटाची पाच मिनटं व्हतील. आधी बघ, पाणी यायचं कुठं आडलंय..."

आणि मी तिथंच थांबलो. तोंड उघडंच राहिलं. कुणीतरी थोबाडीत द्यावी तसं झालं.

"काय झालं, आण्णा?" भरमू म्हणाला.

"काय न्हाय. तू उद्या ये." मी गल्ल्याला कुलूप लावलं आणि त्याला पायरीवर तसाच सोडून घरी गेलो.

पुढं पाणी काठाला आणि मागं कप्पा कोरडा. दहा दिवस माझ्या डोळ्यांसमोर हे होतं. कुणी शेतकरी हे सांगत आला असता तर मी त्याला पाणी प्यायला देईपर्यंत निदान सांगितलं असतं. पाणी मागं येतच नव्हतं. मी कप्प्याचं झाकण काढलं, वरचा स्पंज उचलला आणि फटींखाली हात घातला. बोटांना काहीतरी बुळबुळीत लागलं. ओढलं. पांढऱ्या मलमलीची दुहेरी पिशवी, दोऱ्यानं नीट बांधलेली. आता पांढरी कुठली, तपकिरी. घाणीनं इतकी गच्च झालेली की तिच्यातून थेंबथेंब पाणी गळत होतं.

"हे कुणी बांधलं?" मी घर डोक्यावर घेतलं. "कुणी बांधलं हे इथं?"

नीलम स्वयंपाकघरातून धावत आली. खिडकीजवळची आई मात्र हलली नाही. काळ्या चष्म्याआडून म्हणाली, "मी."

"तू? आई, धा दिवस मी येड्यासारखा..."

"ती बारकी जनावरं पंपात जाऊन कुटली जायची. क्षमानं भिंगातनं दावलं मला. मग आम्ही दोघींनी गाळणं बांधलं. पाणी गाळूनच घ्यायचं, हे तुला का सांगायला पायजे?"

आमच्या घरात नळाचं पाणीसुद्धा दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय कुणाच्या पोटात जात नाही. गाळून कापडात जे जीव राहतात, ते थोड्या पाण्यानं हलकेच धुऊन जिथलं पाणी तिथं परत सोडायचे. त्याला आई जिवाणी म्हणते. लहानपणी विहिरीवर तिच्या मागून मी ती कळशी धरून जायचो.

"मग इतकं दिवस पाणी चाललं कसं?"

"रोज धूत होते की. तू दुकानात गेलास की दहा वाजता काढायचं, टाकीतल्याच पाण्यात वाटीत धुवायचं, जिवाणी परत टाकीत. क्षमा गेली तरी माझं चालूच होतं. डोळ्याचं झालं नि तू मला इथं बसवलंस."

"सांगायला काय झालं होतं तुला?"

आई हळू म्हणाली, "टाकी नदीत ओतीन म्हणालास. तू बोलतोस तसं करतोस. ती मासं खाऱ्या पाण्यातली, नदीत मरतील. नीलमला सांगावं तर ती तुझ्या कानावर घालणार, क्षमाला फोनवर सांगावं तर तू समोरच. म्हणून म्हणत होते, टाकीजवळ नेऊन बसव. तू दुकानात गेल्यावर चाचपून काढलं असतं."

"वहीत तरी लिहायचं होतं पोरीनं!"

"वही तूच वाचणार म्हणून तिनं न्हाय लिहिलं."

कापड भिरकावून द्यावं म्हणून हात वर केला होता, तो तसाच खाली आला. मी खुर्ची टाकीजवळ ओढली, आईला धरून आणून बसवलं. "सांग, कसं धुवायचं."

ती सांगत गेली, मी धूत गेलो. पिळायचं नाही. उलटं करायचं. वाटी भरून जिवाणी टाकीत सोडली तेव्हा आईनं हात जोडले. मग मी पहिला, म्हातारा ठरवलेला पंप माळ्यावरून काढला. नुसत्या बादलीत सोडून लिटरचं माप धरलं. पाच सेकंद! त्याला काही झालेलंच नव्हतं. एका बादलीत तपासलं असतं तर दहा दिवस वाचले असते. तो पंप परत बसवला, धुतलेलं कापड बांधलं. पुढचं पाणी बोटभर खाली आलं, मागचा कप्पा भरला. प्रवाळावरच्या पापुद्र्याचं एक टोक सुटलं आणि पाण्यात फडफडायला लागलं.

सहाला फोन वाजला.

"टाकी कशी हाय, आप्पा?"

माझ्या जिभेवर झकास आलंच होतं. आई चष्म्याआडून माझ्याकडं बघत होती.

"बरी न्हाय," मी म्हणालो. "तुझं प्रवाळ एका बाजूनं कुजलंय. चूक माझी हाय. धा दिवस पाणी फिरत नव्हतं आणि मी तुला खोटं सांगालो होतो." मग सगळंच सांगितलं. शहापूर, कोल्हापूर, वाळू, भरमू, कापड. मला वाटलं फोन कट झाला.

"क्षमा?"

"हाय की."

"कुजलेलं काय करू?"

"तेवढी कड नव्या ब्लेडनं कापून टाका. बाकीचं जगंल. आप्पा, मीबी खोटंच सांगालेय तुम्हाला."

मी उठून उभा राहिलो.

"इथं आम्हाला बोटीतनं नेतात. समुद्राचं पाणी बारीक कापडाच्या जाळीतनं गाळायचं. जाळीत ते जीव राहतात. आज्जीला दावलेले, तसलेच. मग बाटलीत घालून वर औषध ओतायचं. लगेच मरतात. आज्जी गाळून सोडून देती नि मी... माझ्या हातनं ओततच न्हाय. मी बाटली धरते, दुसरी कोणतरी ओतती. पुढल्या आठवड्यात परीक्षेत मलाच ओतावं लागणार. आणि तुम्ही सांगितलेलं, रडत फोन करायचा न्हाय."

'सांगितलं होतं मी तुला,' हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं. बी. कॉम. सुद्धा आलं. तीन महिने ती रोज झकास म्हणत होती आणि मी रोज फोन ठेवत होतो. एकदाही मी दुसरा प्रश्न विचारला नव्हता.

"सरांना इचारलंस, न ओतता काय करता येतंय का?"

"न्हाय. काय म्हणतील म्हणून..."

"आधी इचार. मी न इचारता तीन पंप बदललेत."

ती हसली, आणि हसता हसता मोठ्यानं रडायला लागली. आईनं फोनसाठी हात पुढं केला. मी तिला हातानंच थांबवलं आणि स्टूल ओढून टाकीजवळ बसलो.

"रड," मी म्हणालो. "मी फोन ठेवत न्हाय."